खानदेशचा बाजार आणि तराजूची दांडी

खानदेशात नव्या माणसाची ओळख झाली, गावाचे नाव सांगून झाले, की पुढचा प्रश्न पुष्कळदा ठरलेला असतो. "तुमच्याकडे बाजार कोणत्या वारी?" प्रश्न साधा आहे. पण बाजाराचा वार कळला की त्या गावाचा आठवडा कळतो. मजुरांची हजेरी कोणत्या दिवशी चुकती होते, तेल-मिठाची बरणी कोणत्या दिवशी रिकामी होते, लेकीकडचा निरोप कोणत्या दिवशी येतो, हे सारे त्या एका वारावरून सांगता येते. खेड्यातल्या माणसाने 'बाजार करणे' म्हटले, की त्यात खरेदी असते, विक्री असते, सोयरिकीची बोलणी असतात आणि चार गावांच्या बातम्याही असतात.

अलीकडे शहरांतून आणखी एक बाजार दिसू लागला आहे. एखाद्या वस्तीतल्या मोकळ्या मैदानात, आठवड्याने किंवा महिन्यातून एकदा, शेतकरी स्वतः आपला माल घेऊन येतो. वांगी, मेथी, केळी, दादर ज्वारी, उडदाची डाळ, बिबड्या, घरचे तिखट असे गोणपाटावर मांडतो आणि गिऱ्हाईक थेट त्याच्याकडून घेते. मध्ये अडत्या नाही, दलाल नाही. कित्येकांना ही फार नवी कल्पना वाटते. 'कल्पना नवी की जुनी?' असे कोणी विचारले तर मी म्हणेन, कल्पना पुरातन आहे. मधली दीडशे वर्षे ती हातून निसटली होती. ती कशी निसटली आणि परत येताना वाटेत काय काय घडले, ते आज आपण पाहू. पाहताना एका वस्तूवर मात्र नजर ठेवायची आहे. ती वस्तू म्हणजे तराजू.

प्रथम शब्दांकडे बघा. आपण 'बाजारहाट' म्हणतो. त्यातला 'बाजार' फारसी आहे आणि 'हाट' संस्कृत 'हट्ट' या शब्दापासून आलेला आहे. दोन्ही शब्द एकाच अर्थाचे, पण आपल्या लोकांनी कोणालाच नाराज केले नाही, दोघांना एका दावणीला बांधले. तिसरा शब्द 'पेठ'. पुण्याच्या सोमवार, बुधवार, शुक्रवार पेठा आणि नागपूरची इतवारी, बुधवारी, मंगळवारी ही नावे आठवा. गावे वाढून नगरे झाली, रोजची दुकाने आली, तरी वारांची नावे राहून गेली.

हे वार कोणी उगाच ठरवलेले नसत. शेजारच्या पाच-सात गावांचा एक फेरा असे. आज या गावी बाजार, तर उद्या तीन कोसांवरच्या दुसऱ्या गावी. बांगडीवाला, कापडवाला, मसालेवाला, भांड्यांचा कासार आपले पाल आणि गोण्या बैलावर किंवा गाडीवर घालून आठवडाभर हा फेरा करी. एका गावाच्या गिऱ्हाइकीवर त्याचे पोट भरत नसे, आणि एका गावाला रोजचे दुकान परवडत नसे. फिरत्या बाजाराने दोन्ही अडचणी सुटल्या. नव्या गावाला बाजार सुरू करायचा झाला, तर शेजारच्या गावाचा वार टाळावा लागे. तो टाळला नाही तर दोन्ही बाजार मरत. म्हणजे या व्यवस्थेत एक समजूतदारपणा होता, आणि तो कागदावर लिहिलेला नव्हता.

मराठ्यांच्या काळात नवी पेठ वसवायची, तर सरकारातून कौल मिळे. पेठेवर शेटे-महाजन नेमले जात. येणाऱ्या उदमी लोकांना काही वर्षे जकातीची सूट मिळे. बाजार भरला पाहिजे, ही राज्यकर्त्यालाही गरज होती. बाजार भरला की जकात आली, आणि जकात आली की शिबंदीचा पगार निघाला.

खानदेशाला या बाबतीत भूगोलाची साथ होती. तापीचे खोरे म्हणजे सुरतेच्या बंदरापासून बुऱ्हाणपुरापर्यंतची सरळ वाट. सतराव्या शतकात तावेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. नवापूर आणि नंदुरबार ही गावे त्याच्या प्रवासवर्णनात येतात. नवापूरच्या तांदळाबद्दल त्याने मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. दाणा बारीक, आणि शिजला की कस्तुरीसारखा वास सुटतो. इराणात कोणाला भेट द्यायची तर हा तांदूळ नेतात, असे तो सांगतो. म्हणजे गावाच्या नावाने माल ओळखला जाणे ही आजची गोष्ट नव्हे. त्याच नवापूरच्या तूरडाळीला, जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एकाला परदेशी प्रवाशाने नावाजले, बाकीच्यांना सरकारी दप्तराने. गोष्ट तीच, की मातीची चव गावाच्या नावाला चिकटते.

पण बाजार ही नाजूक चीज आहे. रस्ता सुरक्षित असेल, पोटात अन्न असेल, तरच ती टिकते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांच्या फौजेची धामधूम आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला. गावेच्या गावे ओस पडली. जिथे गाव नाही तिथे बाजार कुठला? १८१८ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने पांझरेच्या काठी धुळे हे ठाणे निवडले आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखली. कारागीर बुऱ्हाणपुराहून आणले, आणि व्यापाऱ्यांनी येऊन राहावे म्हणून सवलती दिल्या. राज्य बदलले, पण पेठ वसवण्याची रीत जुनीच राहिली. धुळ्याच्या जुन्या भागातले सरळ रस्ते आजही त्या आखणीची आठवण देतात.

आता कथेला वळण देणारे पीक येते. ते म्हणजे कापूस.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा खानदेशातून पुढे गेला. भाव भडकले, आणि जळगावसारखे गाव बघता बघता कापसाची मोठी पेठ झाले. युद्ध संपताच भाव कोसळले. कित्येक घरे वर चढली तशी खाली आली. भाव उतरला तरी कापूस मात्र राहिला. सरकारचा सारा रोख रकमेत द्यायचा होता, आणि रोख देणारे पीक हेच होते.

यात बाजाराचे रूप कसे पालटले ते नीट ध्यानात घ्या. पूर्वी शेतकरी आठवडे बाजारात दोन पायल्या ज्वारी किंवा टोपलीभर वांगी नेई, ती विकून मीठ, तेल, लुगडे आणी. विकणारा आणि घेणारा दोघे एकमेकांना ओळखत. एका बाजारी भाव पटला नाही, तर टोपली उचलून दुसऱ्या गावी जाता येई. कापसाचे तसे नाही. वर्षाची सारी कमाई एका गाडीत भरलेली असते. ती गाडी एका दिवशी एका व्यापाऱ्याच्या दारात उभी राहते. पुष्कळ वेळा त्याच व्यापाऱ्याकडून पेरणीच्या वेळी पैसे उचललेले असतात. मग गाडी दुसऱ्या दारात नेणार कशी? म्हणजे शेतकऱ्याची एक मोकळीक गेली. भाव न पटल्यास माल परत नेण्याची मोकळीक.

दुसरी गोष्ट गेली ती तराजूची. भाव ठरण्याची एक रीत अशी होती की अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटे दाबून सौदा करीत. ज्याचा माल, तो शेजारी उभा असून त्याला आकडा कळत नसे. आकडा कळल्यावर वजन सुरू होई. तोलणारा अडत्याचा. त्याने दांडीला अंगठा लावला की शेर-दोन शेर सहज इकडचे तिकडे होत. आपण आज शाळेला 'दांडी मारणे' म्हणतो, पण बाजारात दांडी मारली म्हणजे तराजूची मारली. वजनानंतर कापणी येई. कडता, वटाव, हमाली, तोलाई, अडत, दलाली, वानगी म्हणून घेतलेला ओंजळभर माल, शिवाय पांजरपोळ आणि धर्मादाय. धर्म खरेदीदाराच्या नावाचा, पैसा शेतकऱ्याच्या पदराचा. एकेक रक्कम बारीक दिसे, पण साऱ्यांची बेरीज केल्यावर पदरात काय पडले, हे घरी परतताना बैलांच्या मागे बसून मोजायचे.

हे सारे लोकांना ठाऊक होते, पण सांगायचे कोणाला? १९२६ साली सरकारने हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी एक रॉयल कमिशन नेमले. लॉर्ड लिनलिथगो त्याचे अध्यक्ष होते. १९२८ साली त्याचा अहवाल बाहेर आला. त्या भल्यामोठ्या अहवालात आपल्या पूर्व खानदेशाचा, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्याचा, एक दाखला आहे. शिक्षक मंडळींनी तो फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. पूर्व खानदेशातल्या १९ गावांची पाहणी केली, तेव्हा त्या १९ गावांत 'मण' या एका शब्दाची १३ वेगवेगळी वजने सापडली. सर्वांत लहान मण साडेएकवीस शेरांचा, आणि सर्वांत मोठा ८० शेरांचा! काही मण एकाच जिनसापुरते, काही दोन-तीन जिनसांना चालणारे.

हिशेब करून पाहू. ८० तोळ्यांचा शेर धरला, तर एक शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने साडेएकवीस शेरांचा मण सुमारे २० किलोचा होतो, आणि ८० शेरांचा मण सुमारे ७५ किलोचा. शब्द एकच, वजनात जवळजवळ चौपट फरक. बरे, शेर तरी सगळीकडे सारखा होता का? तोही नव्हता. मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी ७८४ पौंडांची, २८ मणांची. तिथला मण २८ पौंडांचा. सरकारी रेल्वेचा मण ८२ पौंडांहून जास्त. आता सांगा, एका गावचा शेतकरी दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याला म्हणाला, "मला मणाला इतका भाव मिळाला," तर ऐकणाऱ्याने काय समजावे? भाव ऐकूनही भाव कळत नाही, अशी ही स्थिती. 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' ही म्हण आपण हसून म्हणतो. इथे तर बाजारात तुरी होत्या, पण किती होत्या हेच कोणाला ठरवता येत नव्हते.

यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती तुमच्यापुढे ठेवतो. शेतकऱ्याची नागवण भावात झाली असे आपण नेहमी म्हणतो. भावात झाली हे खरेच. पण भाव हा निदान बोलून दाखवायचा आकडा आहे, त्याबद्दल भांडता येते. माप अंधारात राहिले, की भांडायला जागाच उरत नाही. म्हणून बाजाराच्या सुधारणेचा इतिहास पाहिला, तर शेतकऱ्याचे पाऊल पुढे पडले ते तराजू उजेडात आला तेव्हा.

शेजारच्या वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. त्याने बाजारावर देखरेख करणाऱ्या समित्या आल्या, पण त्यांवर व्यापाऱ्यांचा भरणा मोठा होता. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजारांचा कायदा झाला. या कायद्याने कापूस पिकवणाऱ्याला समितीवर जागा मिळाली, आणि ठरलेल्याखेरीज कापणी करायला मनाई झाली. या कायद्याखाली सुरुवातीला ज्या गावी नियंत्रित बाजार उभे राहिले, त्यांत आपले धुळे होते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात, त्या गावाने हा मान मिळवला, ही खानदेशाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. पुढे १९३९ च्या कायद्याने कापसाबरोबर इतर शेतमालही या व्यवस्थेत आणण्याची सोय झाली.

तराजू उजेडात आला, पण दुसरी गोष्ट, माल परत नेण्याची मोकळीक, ती कर्जात अडकलेली होती. १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यातल्या फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. बांबूंची कमान, गावच्या सामानाने केलेली सजावट, नंदलाल बोस यांच्यासारख्या चित्रकाराचा हात आणि गांधीजींनी उघडलेले ग्रामोद्योगांचे प्रदर्शन, हे सारे लोकांनी डोळे भरून पाहिले. त्या अधिवेशनात शेतकऱ्यांसंबंधीचा जो कार्यक्रम मान्य झाला, त्यात सारा-खंड कमी करण्याबरोबर कर्जाचा बोजा हलका करण्याची मागणी होती. बाजाराच्या दृष्टीने ही मागणी मोलाची होती, कारण कर्जबाजारी माणूस बाजारात जातो तो विकायला नव्हे, फेडायला. फेडणारा माणूस तराजूकडे बघत नाही, तो खाली बघतो. मुंबई सरकारने १९३९ साली शेतकरी कर्जनिवारणाचा आणि १९४६ साली सावकारीवर नियंत्रणाचा कायदा केला, त्यामागे हेच दुखणे होते.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजनमापांचा मेट्रिक कायदा झाला, आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम बाजारात आले. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यावेळी लोक किती कुरकुरले. शेर-पावशेर, पायली-अधोली जाऊन हे परके किलो कशाला, असे बायाबापड्या म्हणत. पण १९ गावांतले १३ मण ज्याला ठाऊक आहेत, त्याला कळेल की किलोने शेतकऱ्यावर केवढा उपकार केला. धुळ्याचा किलो तोच जळगावचा, आणि तोच मुंबईचा. वर्तमानपत्रात छापलेला किंवा रेडिओवर सांगितलेला बाजारभाव शेतकऱ्याला पहिल्यांदाच आपल्या गोणीला लावून पाहता आला.

महाराष्ट्रात १९६३ साली कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा झाला. उघडा लिलाव, ठरलेली तोलाई, परवानाधारक अडते, मालाची पट्टी या गोष्टी नियमात आल्या. कापसासाठी १९७२ पासून एकाधिकार खरेदीचा प्रयोग झाला, तो पुढे तीसेक वर्षे चालून आटोपला. सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांची गोष्ट तर याहून बिकट होती. डोंगरातला माणूस मोह, चारोळी, डिंक घेऊन उतरे आणि मीठ, कापड घेऊन परते. त्याला आकडाही परका आणि मापही परके. त्यासाठी १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ निघाले, आणि १९७६ साली आदिवासींची आर्थिक स्थिती सुधारण्याचा स्वतंत्र कायदा करून ठरलेल्या भागात महामंडळामार्फत खरेदीची व्यवस्था केली गेली. होळीच्या आधी सातपुड्याच्या पायथ्याला भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल, बासऱ्या, चांदीचे दागिने, गुलाल यांची वर्णने आपण हौसेने वाचतो. पण मुळात तो बाजार आहे. होळीचे सामान घ्यायला लोक येतात. त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून त्यांना बरोबर माप मिळते का, हेही पाहणाराने पाहावे.

मग इतके कायदे झाल्यावर दुखणे संपले का? संपले असे म्हणता येणार नाही. बाजार समितीने लिलाव उघड्यावर आणला, पण काळ जाईल तसा त्या आवारातही मोजक्या अडत्यांचा जम बसला, आणि शेतमाल तिथेच विकण्याचे बंधन हेच नवे ओझे वाटू लागले. भाजीवाल्या शेतकऱ्याला ते विशेष जाणवले. कापूस किंवा तूर घरात ठेवता येते. पहाटे तोडलेली मेथी दुपारी मान टाकते. तिथे कर्ज नसले, तरी माल परत नेण्याची मोकळीक उन्हानेच काढून घेतलेली असते.

इतर प्रांतांनी यावर उपाय शोधले. पंजाबात १९८७ साली 'अपनी मंडी' सुरू झाली. १९९९ साली आंध्रात 'रयतु बाजार' आणि तमिळनाडूत 'उळवर संदै' निघाले. नावे तीन, अर्थ एकच, शेतकऱ्यांचा स्वतःचा बाजार. महाराष्ट्रात २०१६ साली फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक कायद्याने मिळाली. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू झाले. कांदा-मुळा-भाजीत देव पाहणाऱ्या अरणच्या त्या माळी संताचे नाव या कामाला शोभून दिसते. तेव्हापासून शहरांच्या वस्त्यांतून असे बाजार अधिक दिसू लागले. कुठे दर आठवड्याला भरतात, कुठे महिन्यातून एक ठरावीक रविवार असतो.

अशा बाजारात तुम्ही गेलात, तर काय पाहाल? हिवाळ्यात गेलात तर भरताची वांगी पाहा. आसोदा, भादली, बामणोद या बाजूची हिरवट, पांढुरक्या रेघांची, हातात न मावणारी वांगी. कापसाच्या काड्यांवर भाजून, मिरची-लसूण कांडून केलेले भरीत आणि कळण्याची भाकरी, हे खानदेशाच्या पाहुणचाराचे नाव आहे. शेजारी दादर ज्वारीची गोणी असेल. तिच्यामागे बसलेल्या बाईला विचारा, ही कोणत्या जमिनीतली? पाणी दिले होते की नुसत्या ओलीवर आली? ती सांगेल. दुकानदाराला हे विचारून उपयोग नाही, कारण त्याला ते ठाऊक नसते. पिकवणारा समोर असण्याचा पहिला फायदा हा, की मालाचा इतिहास मालाबरोबर मिळतो.

दुसरा फायदा तराजूचा. इथे तराजू तिच्या हातात आहे. आणि मंडळी, इथे खरी परीक्षा आपली आहे. इतका वेळ आपण व्यापाऱ्याला बोल लावला. पण तीच बाई वजन करून पिशवीत वांगी घालते, तेव्हा आपण काय म्हणतो? "आणखी एक टाका वर." "कोथिंबीर फुकट द्या." "सगळे घेतो, पाच रुपये कमी करा." कडता, वटाव आणि वानगी यांची ही शहरी भावंडेच नव्हेत का? मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारे आपण, तिच्यापुढे मात्र घासाघीस करतो. संध्याकाळ झाली, तिच्या टोपलीत चार किलो उरले आणि घराकडची शेवटची गाडी निघायची वेळ झाली, म्हणजे आपला भाव आणखी उतरतो. ऊन आणि गाडीचे वेळापत्रक या वेळी सावकाराचे काम करतात, आणि फायदा आपण घेतो.

तेव्हा अशा बाजाराकडून अपेक्षा रास्त ठेवावी. रावेर-यावलची केळी आगगाडीने आणि मालमोटारीने दिल्लीकडे जातात. तो माल वस्तीतल्या मैदानावर खपणारा नाही. कापसाचे तर बोलायलाच नको. त्या पिकांना मोठी पेठ, चांगली बाजार समिती, सहकारी संस्था लागणारच. शिवाय बाजारात बसलेला शेतकरी तेवढा दिवस शेतातून गेला, गाडीभाडे गेले, हाही हिशेब आहे. अर्धा एकर भाजी, थोडी डाळ, घरचे पापड-बिबड्या असा माल असलेल्या लहान कुटुंबाला, विशेषतः घरच्या बाईला, हा बाजार खरा उपयोगी. तिच्या हातात रोख पैसा येतो, आणि तो मोजून तिच्याच कनवटीला जातो. ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने बसायला सावली, प्यायला पाणी, बायकांसाठी आडोसा आणि उरलेला माल ठेवायला थंड जागा एवढे दिले, तर संध्याकाळची तिची लाचारी पुष्कळ कमी होईल. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीला बाजारावर फी घेण्याचा अधिकार दिला आहे. फी घेणाऱ्याने सावली द्यावी, एवढे मागणे काही फार नव्हे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. इतिहासाच्या तासाला मुलांना एकदा बाजारात न्या. प्रत्येकाने एका विकणाऱ्याला चार प्रश्न विचारावेत. माल स्वतः पिकवला की विकत आणला? किती कोसांवरून आणला? सकाळचा भाव काय होता, आणि संध्याकाळचा काय? उरलेल्या मालाचे काय करता? घरी आल्यावर आजी-आजोबांना विचारावे, आपल्या गावचा मण किती शेरांचा होता आणि पायली किती शेरांची. उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. १९ गावांत १३ मण सापडले होते. तुमच्या तालुक्यातल्या १९ शाळांनी मिळून हे काम केले, तर किती सापडतील, ते मला आज सांगता येत नाही. ती माणसे आहेत तोवर ते लिहून घेतले पाहिजे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने १९२७ पासून जुने कागद जपले आहेत. मापे मात्र बहुतेक घरांच्या माळ्यावर पडली आहेत. एखादे जुने मापटे सापडले तर ते मोडीत घालू नका, शाळेत आणून ठेवा, आणि त्याच्याशेजारी किलोचे वजन ठेवा.

आणि पुढच्या बाजारी जाल, तेव्हा वांगी घेताना तराजूच्या काट्याकडे जरूर बघा. तो बरोबर असेल, तर जो भाव ती माउली सांगेल तो द्या, आणि वर आणखी एक मागू नका.